एचटीबीटी, तुझे वडील आणि बिनाबिलाचं पाकीट

तुझा प्रश्न थोडक्यात असा की पारोळ्याकडे तुमची नऊ एकर जमीन, वडील यंदा एचटीबीटी कापूस लावायचं म्हणताहेत, तू पुण्यात नोकरीला, तुझ्या मित्रमंडळींत जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेलं पीक, म्हणजे विष हे पक्कं झालेलं, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी गेलास तर पुरणपोळीच्या ताटावर बापलेकांचं वाजलं. आता खरं कोण ते विचारतोस. मी चोपडा तालुक्यात १९९६ पासून कृषी केंद्र चालवतो, त्याआधी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलो, घरचा चौदा एकर कापूस नि केळी आहे, म्हणजे बियाणं विकणारा पण मीच आणि त्याच बियाण्याच्या नावाने बोंबलणारा पण मीच. तेव्हा माझं पण सगळं खरं धरू नको, दुकानदार आहे मी शेवटी.

पहिली गोष्ट, तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. तू म्हणतोस आमच्या शेतात जीएम येऊ देणार नाही. अरे ते येऊन वीसच्या वर वर्षं झाली ना भो. वडील आजपर्यंत जे बियाण्याचं बिलाचं पाकीट आणत होते, बोलगार्ड २, ते जीएमच आहे, मार्च २००२ मध्ये कापसात बीटीला, म्हणजे जिवाणूकडून घेतलेल्या अळीमार जनुकाला, परवानगी मिळाली आणि आज देशातला नव्वद टक्क्यांच्या वर कापूस बीटीच आहे. त्याच कापसाची सरकी, तिची ढेप आपल्या म्हशी खातात, तिचं तेल फरसाणात असतं, तू पुण्यात खातोस ते पण. एचटीबीटी ही पुढची पायरी, त्यात अळी मारणाऱ्या जनुकासोबत तणनाशक सहन करायचं जनुक आहे आणि त्याला आपल्याकडे परवानगी नाही, म्हणून त्याचं बिल पण मिळत नाही. (आणि जाताजाता, टिश्यू कल्चरची केळी जीएम नसते. आमच्याकडे रावेर-यावलचे पाहुणे शहरात केळी घेऊन गेले की लोक हे विचारतात. ते फक्त प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप, जनुकाला कोणी हात लावलेला नाही.)

आता बीटी का आलं ते तुला माहीत असायचं कारण नाही, तुझा जन्म तेव्हाचा असेल. नव्वदच्या दशकात हिरवी बोंडअळी, आपण अमेरिकन म्हणायचो तिला, तिने असा धुमाकूळ घातला होता की माझ्या वडिलांनी एका हंगामात चौदा फवारण्या केल्या, मोनोक्रोटोफॉस, एंडोसल्फान, सायपरमेथ्रीन, मग दोन-दोन एकत्र मिसळून, आणि तरी सकाळी बाया डबे घेऊन अळ्या वेचायच्या. पंप पाठीवर, तोंडाला उपरणं, हातमोजे कोणाला माहीत. आमचा सालदार एकदा बांधावरच चक्कर येऊन पडला, बैलगाडीत घालून चोपड्याला नेला, वाचला. म्हणून मला जेव्हा कोणी म्हणतं की बीटीच्या आधी शेती शुद्ध होती तेव्हा मला हसावं का रडावं कळत नाही.

२००१ ला गुजरातमध्ये एक गंमत झाली. अळीने सगळीकडे कापूस खाल्ला आणि नवभारत १५१ नावाच्या वाणाची शेतं मात्र बोंडांनी लदलेली, मग तपासलं तर त्यात बीटी जनुक, परवानगी नसलेलं. दिल्लीहून आदेश निघाला की पीक जाळा. शेतकरी शेतात आडवे उभे राहिले, शरद जोशींची शेतकरी संघटना त्यांच्या बाजूने उतरली, आणि पुढच्याच मार्चमध्ये महिको-मोन्सँटो या बियाणं कंपनीच्या तीन वाणांना, मेक १२, १६२ नि १८४ ला परवानगी आली. म्हणजे आपल्या देशात जीएम आलं तेच मुळी चोरवाटेने, कायदा मागून धावत आला. हे लक्षात ठेव, पुढे परत लागणार आहे.

सुरुवातीला ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या आसपास होतं. पहिल्या वर्षी माझ्याकडून मोजून सहा शेतकऱ्यांनी नेलं, तिसऱ्या वर्षी दुकानापुढे रांग लागायची आणि ब्लॅक पण व्हायचं, खोटं कशाला सांगू. आंध्र सरकार चढ्या भावाची तक्रार घेऊन गेलं तेव्हा २००६ ला भाव साडेसातशेवर आले. ती चार-पाच वर्षं सोन्याची होती. चौदाच्या दोन-तीन फवारण्या झाल्या, आमच्याकडे ठिबकवर पूर्वहंगामी लावणाऱ्यांनी एकरी पंधरा-वीस क्विंटल काढला, पत्र्याची घरं स्लॅबची झाली. रस शोषणाऱ्या किडी, म्हणजे तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, यांना बीटी काही करत नाही त्यामुळे ती फवारणी राहिलीच, नि पुढे वाढली पण.

मग शेंदरी आली. गुलाबी बोंडअळी म्हणतात पेपरवाले. ती बोंडात शिरली की छिद्र बुजतं, वरून कितीही फवार, आत ती आरामात सरकी खाते. गुजरातच्या अमरेलीतून २०१० लाच बातमी आली होती की पहिल्या बोलगार्डला ती जुमानत नाही, दुसरं बोलगार्ड २००६ पासून होतं, २०१५ च्या आसपास ते पण गेलं. आणि २०१७ ला काय झालं ते तुझ्या वडिलांना विचार, डोमकळ्याच डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्यामुळे न उमलणारी फुलं, आणि बोंड फोडलं की कवडी, किडका चिकटलेला कापूस.

इथे मी माझं पाप सांगतो. पाकिटासोबत एक १२० ग्रॅमची नॉन बीटीची पुडी यायची, शेताच्या कडेने पाच ओळी लावायची. कारण सोपं होतं, त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग बीटी पचवणाऱ्या अळीच्या पतंगांशी जुळावेत, म्हणजे ती सवय पुढच्या पिढीत पसरू नये. मी शेतकऱ्याला सांगायचो, तो मान हलवायचा, आणि संध्याकाळी माझ्या दुकानामागच्या नालीत त्या पुड्यांचा ढीग पडलेला असायचा. कोण आपल्या शेतात मुद्दाम अळ्या पाळेल? त्यात काही पुड्यांमधलं बियाणं उगवायचंच नाही, काहींत वाण असा की मुख्य कापसाशी फुलोरा जुळायचा नाही. मी कृषी पदवीधर, मला सगळं कळत होतं, पण ग्राहक दुसऱ्या दुकानात जाईल म्हणून मी जोर केला नाही. आता ती नॉन बीटी पाकिटातच मिसळून देतात, २५ ग्रॅम. फार उशिरा आलेली अक्कल.

शेंदरी बीटी पचवायला शिकली त्याचं दुसरं कारण जास्त खोल आहे आणि दोन्ही बाजूचे लोक त्यावर कमी बोलतात. बाहेरच्या बहुतेक देशांत बीटी कापूस सरळ वाणात, म्हणजे ज्याचं बी घरचं ठेवता येतं त्यात आहे, आपल्याकडे तो हायब्रीडमध्ये टाकला, कारण हायब्रीड दरवर्षी विकत घ्यावं लागतं, कंपनीचा धंदा त्यातच. हायब्रीडच्या झाडाला जे बोंड लागतं त्यातल्या सरक्या सारख्या नसतात. बोलगार्ड २ मधल्या दोन जनुकांचा हिशेब केला तर १६ सरक्यांपैकी ९ मध्ये दोन्ही, ६ मध्ये एकेकच आणि एकात काहीच नाही. शेंदरी अळी खाते काय, तर सरकी. म्हणजे एका बोंडात तिला फुल डोस, हाफ डोस, झिरो डोस सगळं एका ताटात, हळूहळू पचवायला शिकायची याहून चांगली शाळा नाही. त्यात आपले हायब्रीड १६० ते १८० दिवसांचे, वर पाणी असलं की फरदड, म्हणजे वेचणी संपूनही ठेवलेलं पीक, मार्चपर्यंत, पऱ्हाटी म्हणजे वाळलेली झाडं बांधावर रचलेली आणि गावोगावच्या जिनिंगमध्ये कापूस उन्हाळ्यापर्यंत पडलेला. अळीला वर्षभर घर भाडं माफ.

आणि अमेरिकेने याच जनुकाचा कापूस, सोबत वांझ केलेले पतंग सोडणं, शेत वेळेवर रिकामं करणं असं करून २०१८ ला शेंदरी अळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. जनुक तेच. म्हणून मला जनुकावर राग काढता येत नाही.

एक संधी होती आपल्याला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बिकानेरी नर्मा या सरळ वाणात बीटी आणलं, २००९ ला बाजारात आलं, बियाणं घरचं ठेवता आलं असतं, पाकिटाचा खेळच संपला असता. आणि त्यात निघालं मोन्सँटोचं जनुक मिसळलेलं, विक्री बंद. सरकारी संस्थेच्या त्या घोळाबद्दल ना जीएम समर्थक मोर्चा काढतात ना विरोधक. मला विचारशील तर खान्देशातल्या कापसाचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं.

आता एचटीबीटीकडे. वडील का मागतात ते समजून घे, वेडे नाहीत ते. जुलैत झड लागली की आठ-दहा दिवस शेतात कोळपं जात नाही, आपली काळी जमीन पाय धरते, आणि तोवर केना, हरळी, लव्हाळा कापसाच्या वर जातो. निंदणीला बाई ३०० रुपये रोज, ते पण मिळाली तर. माझ्या शेजारचे आप्पा आहेत, सत्तरीचे, त्यांना मी म्हटलं आप्पा बिनाबिलाचं लावू नका, तर म्हणे, "तू दुकानमा बस. आते निंदाले बाया कोठे भेटतस भो?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्या-मुंबईत बसून तणनाशक वाईट म्हणणाऱ्याने जुलैत एक दिवस ओणवं होऊन दोन सऱ्या निंदून दाखवाव्यात, संध्याकाळी परत बोलू. हां, विरोधक म्हणतात की एचटी आलं तर निंदणारणींचा रोज जाईल, हा मुद्दा मला खरा वाटतो, सातपुड्यातल्या पावरा बायांचं जुलै-ऑगस्टचं घर त्यावर चालतं. पण त्यांची पोरगी पण निंदायला जावी असं त्यांना वाटतं का, हे त्यांना कोणी विचारत नाही.

काम कसं करतं ते सांगतो. ग्लायफोसेट हे तणनाशक झाडाचं एक एन्झाइम बंद पाडतं, ते बंद पडलं की झाड प्रथिनंच बनवू शकत नाही, मरतं. एचटीमध्ये एका जिवाणूचं जनुक टाकलेलं असतं जे त्या एन्झाइमची दुसरी तऱ्हा बनवतं, तिला ग्लायफोसेट चिकटत नाही. म्हणून सगळं तण जळतं नि कापूस हिरवा. दिसायला जादू. पण सतत एकच औषध मारलं की तण पण शेंदरीसारखंच शिकतं, अमेरिकेत रानमाठाच्या जातीतलं तण आता ग्लायफोसेट पिऊन वाढतं. आपला केना तर आजच त्याला फारसा दाद देत नाही. कॅन्सरचं म्हणशील तर २०१५ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला 'बहुधा कारणीभूत' या गटात टाकलं, इतर देशांच्या नियामकांनी लेबलप्रमाणे वापरलं तर धोका नाही असं म्हटलं, आणि आपल्याकडे २०२२ ला नियम आला की ते फक्त परवानाधारक फवारणीवाल्यांनीच मारायचं. आमच्या तालुक्यात असा परवानाधारक मी तरी डोळ्याने पाहिलेला नाही. नियम दिल्लीत, पंप सालदाराच्या पाठीवर.

२०१९ ला अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने उघडपणे एचटीबीटी लावून सत्याग्रह केला, १० जूनला, तेव्हाच्या कायद्यात पाच वर्षं कैद नि लाखाच्या दंडाची तरतूद असताना. धाडस मानतो मी. तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य शेतकऱ्याला पाहिजे हे म्हणणं पण पटतं. पण भाऊ, त्या सत्याग्रहाच्या मागून आमच्याकडे जे आलं ते स्वातंत्र्य नव्हतं, ती गुजरातहून रात्रीच्या गाडीने आलेली साधी पाकिटं होती, कोणी फोरजी म्हणतं कोणी फाईव्हजी, जणू मोबाईलचं सिम. कंपनीचं नाव नाही, लॉट नंबर नाही, उगवणीची टक्केवारी नाही. आणि मूळ कंपनीने तर आपला परवानगीचा अर्ज २०१६ लाच मागे घेतला होता, रॉयल्टीच्या भांडणात, म्हणजे सत्याग्रह झाला तेव्हा रीतसर चाचणी पूर्ण करून हे बियाणं विकायला कोणी जबाबदार माणूस समोर नव्हता.

दोन वर्षांपूर्वी एक ओळखीचा शेतकरी फोटो घेऊन आला. पाच एकर लावलं, पंचवीस दिवसांनी ग्लायफोसेट मारलं, आठ दिवसांत तणासोबत जवळजवळ तिसरा हिस्सा कापूस पिवळा पडून गेला. बियाणं मिसळलेलं होतं, कोणी तरी जिनिंगची सरकी रंगवून भरली असणार. तो रडकुंडीला आलेला, म्हणे तक्रार कुठे करू. कुठे करणार? २०१७ ला शेंदरीने नुकसान झालं तेव्हा सरकारने कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० जाहीर केले होते, त्यातले ६,८०० आपत्ती मदतीचे, ८,००० विम्याचे आणि १६,००० बियाणं कंपनीकडून घ्यायचे. त्यासाठी 'जी' नावाचा तक्रारीचा फॉर्म भरायचा, बिल जोडायचं, लॉट नंबर लिहायचा. कंपन्या कोर्टात गेल्या आणि आमच्या गावात लोकांच्या हाती आले ते सरकारी मदतीचेच, हे पण खरं. पण भांडायला कागद तरी होता. याच्याकडे काहीच नाही, उलट तो स्वतःच गुन्हेगार.

आणि याला सरकारने पण हातभार लावलाय. शेंदरीचं चक्र तुटावं म्हणून जूनच्या आधी लागवड करू नका, बियाणं उशिरा विका असा आदेश निघायचा. हेतू चांगला, मला मान्य. पण आमच्याकडे ठिबकवाल्याला मेच्या शेवटी लावायचं असतं, तो माझ्या बंद कपाटाकडे बघायचा आणि सरळ मध्य प्रदेशातलं सेंधवा नाहीतर बऱ्हाणपूर गाठायचा, तिथून येताना बिलाचं आणायचा की बिनाबिलाचं ते तोच जाणे.

विरोधकांबद्दल तुला बरं वाटेल असं पण सांगतो. प्रतिकार तयार होईल हे ते पहिल्यापासून म्हणत होते, तसंच झालं. बियाणं कंपनीच्या हाती जाईल म्हणाले, गेलं. आज जळगावच्या वाय-१ किंवा जेएलए ७९४ सारख्या देशी वाणाचं बियाणं मागायला माझ्याकडे वर्षाला दोन माणसं येत नाहीत, नवीन पोरांनी नावं पण ऐकलेली नाहीत. चाचण्यांची माहिती कंपनीच देते नि कंपनीच तपासते ही तक्रार पण रास्त. पण बीटीमुळे शेतकरी आत्महत्या सुरू झाल्या हे खोटं आहे, विदर्भात नि वारंगलला त्या बीटीच्या आधीपासून होत होत्या, कर्ज, भाव, पाऊस ही कारणं सोडून जनुकाला धरलं की सावकार आणि सरकार दोघं सुटतात.

वांग्याचं मात्र मी वेगळं धरतो. २०१० च्या ९ फेब्रुवारीला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेशांनी बीटी वांगं थांबवलं तेव्हा माझ्या दुकानातले अर्धे चिडले, अर्धे खूष. आपल्या बामणोदच्या भरताच्या वांग्याचं बी शेतकरी घरचं ठेवतात, ती चव त्या बियाण्यात आहे, वांग्याची विविधता आपल्याच देशातली, शेजारच्या शेतातून परागकण आला तर परत वेगळं कसं करणार? कापूस आपण अंगावर घालतो, भरीत आपण शेतात बसून खातो. तरी हे पण बघ की शेंडा पोखरणाऱ्या अळीसाठी त्याच वांग्यावर आठवड्याला फवारणी होते नि तोडणी दुसऱ्या दिवशी. बांगलादेशात २०१४ पासून बीटी वांगं शेतकरी लावतात. मी माझ्या भरताच्या वांग्याजवळ ते लावू देणार नाही, पण बाजारातलं वांगं दोन वेळा धुतल्याशिवाय खात पण नाही.

तर यंदा काय करायचं. वडिलांशी जीएमवर भांडू नको, त्यांच्या तणावर बोल. लागवडीनंतर दोन दिवसांच्या आत, ओल असताना पेंडीमिथॅलीन मारा, ते बऱ्याच तणाला उगवूच देत नाही. मग तण दोन ते चार पानांवर असताना पायरीथायोबॅक आणि क्विझालोफॉप, दोन्ही कापसात चालतात, परवानगी आहे, बिल मिळतं. पायरीथायोबॅकने कापूस थोडा पिवळसर होतो, घाबरू नका, आठ-दहा दिवसांत निवळतो. हरळी-लव्हाळ्याचा पट्टा असेल तर तेवढा उन्हाळ्यातच नांगरून वेचून काढा, त्याला दुसरा शॉर्टकट नाही. निंदणी एकदा तरी लागेलच, पण तीनच्या ठिकाणी एक. वाण १४०-१५० दिवसांचा घ्या, पारोळ्याची कोरडवाहू जमीन, तुम्हाला लांब वाण परवडतच नाही. पंचेचाळीस दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे, लावा, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारणीचा विचार, नाहीतर उगाच नाही. डोमकळी दिसली की तोडून चुरगाळायची, खाली टाकायची नाही. डिसेंबरात शेत रिकामं, फरदड नाही, कितीही भाव चढला तरी.

आणि पाकीट आधीच घरात आलं असेल, म्हणजे तू विचारलंस त्या सुरावरून मला तसंच वाटतंय, तर रागावू नको त्यांच्यावर, त्यांनी दोन हजार घालवले असतील. फक्त तुमच्या बांधाला लागून चुलत्याचं साधं बीटी आहे असं तूच लिहिलंयस. वडिलांना एवढंच विचार, जुलैच्या वाऱ्यात ग्लायफोसेटचा पंप चालवताना नोझल कोणत्या बाजूला धरणार आहेत.